भट्टीचा नमुना

भट्ट्या बंद होऊन एकोणीस दिवस झाले होते आणि धूर काही केल्या कमी होत नव्हता.

तेजल परदेशीने गाडीतल्या पडद्यावरची पिवळी रेघ पुन्हा एकदा पाहिली. रांजणपूर शहरातल्या त्रेसष्ट भट्ट्यांना, म्हणजे फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे भाजणाऱ्या सगळ्यांना, महापालिकेने टाळं ठोकलं त्या दिवशी ही रेघ सदतीसवर होती. शहराच्या हवेतल्या दर शंभर कणांपैकी सदतीस कण भट्ट्यांचे, असा त्याचा अर्थ. आज सकाळी साडेनऊला ती छत्तीसवर होती. टाळं ठोकलं की धूर कमी होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. टाळं ठोकूनही तो का कमी होत नाही हे सांगायला मात्र शास्त्रज्ञ लागतो, आणि महापालिकेच्या पगारावर असलेली अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे तेजल. तिलाही ते सांगता येत नव्हतं.

उद्या अकरा वाजता जनसुनावणी होती. उद्या भट्ट्यांचं नाव पक्कं झालं की त्या कायमच्या पाडायच्या होत्या. त्रेसष्टांपैकी एक तिच्या वडिलांची होती.

रांजणपूरकरांचा संताप काही आजचा नव्हता. डिझेलच्या बसगाड्या जाऊन पाच वर्षं झाली, रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या बॅटरीवर आल्या, तरी हिवाळा लागला की शहर खोकायला लागायचं. लोक रस्त्यावर उतरले की महापालिका काहीतरी करायची. एका वर्षी तिने पाण्याचे फवारे सोडणारे टँकर आणले. ते टँकर नेमके हवा मोजायच्या मनोऱ्याभोवतीच फिरायचे, त्यामुळे आकडे सुधारले आणि मनोऱ्याशेजारची बोगनवेल बहरली. पुढच्या वर्षी महापौरांचा फोटो छापलेले मास्क वाटले. त्याच्या पुढच्या वर्षी 'निर्मळ श्वास सप्ताह' झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला फटाके फोडले. लोकांनी महापालिकेच्या दारात वापरलेल्या इनहेलरच्या पुंगळ्यांचा ढीग रचला, तेव्हा कुठे 'पारखी' यंत्र आलं.

पारखीचं काम समजायला अवघड नाही. धुळीचा प्रत्येक कण ती हवेतून एकेकटा ओढून घेते, त्याच्यावर लेसरचा ठोका मारते आणि उडालेल्या तुकड्यांचं वजन करते. लाकूड जळलं की पोटॅशियम जास्त सापडतं, दगडी कोळसा जळला की आर्सेनिक, टायर जळला की जस्त. प्रत्येक धुराला स्वतःची अशी कुळी असते. पण नुसत्या वजनांवरून ती ओळखता येत नाही. त्यासाठी आधी प्रत्येक धुराचा एकेक अस्सल नमुना पिशवीत भरून पारखीला हुंगवावा लागतो, म्हणजे पुढे तसा कण दिसला की ती त्याला त्या नावाखाली टाकते. कशाशीच जुळला नाही तर 'अनोळखी'. कायदा असा झाला होता की पारखीने तीन महिने ज्याचं नाव घेतलं तो दोषी, आणि एकदा नमुने ठरले की त्यांना सील.

हे यंत्र एका बंद गाडीत बसवलं होतं. ती गाडी भोसलेमामा चालवायचे, आणि शहरभर गच्च्यांवर ठेवलेल्या बारा डब्यांमधली धूळ दर आठवड्याला गोळा करून आणायचे. आताही तेच धावत आले.

"मॅडम, अप्पांच्या भट्टीवर लोक जमलेत. कुलूप तोडायचं म्हणतात."

*

भट्टी आळीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. हिरालाल परदेशी, म्हणजे अप्पा, सील केलेल्या दारापुढे स्टूल टाकून बसले होते. पासष्टीचे असतील. भट्टीपुढे चाळीस वर्षं उभं राहून चेहरा तांब्याच्या रंगाचा झालेला. त्यांच्यासमोर सुनंदा ठोसर उभ्या होत्या. सुनंदाताई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि शहरातल्या श्वास समितीच्या म्होरक्या. समोरच्याच इमारतीत राहायच्या. त्या पुंगळ्यांचा ढीग त्यांच्याच डोक्यातून निघालेला.

"परदेशी, दिवसा टाळं आणि रात्री जाळ, हे किती दिवस चालायचं?" त्या म्हणाल्या. "यंत्र सांगतंय धूर चालू आहे म्हणून. आमच्या पोरांच्या छातीवर भाजता का फुटाणे?"

"आत बघून घ्या," अप्पा म्हणाले. "मागल्या बाजूला कोंडा टाकायची खिडकी आहे. तिला सील नाही."

वॉर्डाच्या निरीक्षकाने खिडकी ढकलली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. सुनंदाताई त्याच्या शेजारून वाकल्या, त्यांच्यामागे तेजल. भट्टीच्या तोंडात, जिथे जाळ असायचा तिथे, राखेत एक करडी मांजर पसरली होती आणि चार पिल्लं तिला लुचत होती. पिल्लांचे डोळे उघडलेले होते. म्हणजे निदान दहा दिवसांची तरी असणार, आणि पेटत्या भट्टीत कुठलीही मांजर वीत नाही.

मागून एकजण पुटपुटला, "ह्यांची नसेल, दुसऱ्या कुणाची चालू असेल," पण त्यात दम नव्हता. लोक पांगायला लागले.

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. "आणखी काही तपासायचंय का, मॅडम?"

हे 'मॅडम' तेजलच्या जिव्हारी लागायचं. आई गेल्यापासून तिला 'तेजू' म्हणणारं जगात हे एकच माणूस होतं, आणि गेले दोन महिने त्याने ते बंद केलं होतं. कारण तिनेच दिलं होतं. भट्टीच्या नमुन्यात पारखीला शिसं सापडलं होतं. धान्याच्या कोंड्यात शिसं कुठून येणार? जुनी दारं-खिडक्या जाळल्या तर त्यांच्या रंगातून येतं. तसं तिने अहवालात लिहिलं: भट्ट्यांमध्ये रंगीत लाकूड जाळले जाते. वर्तमानपत्रांनी ते वाक्य उचललं. 'शिशाचे फुटाणे' हा शब्द शहरभर झाला, दुकानदारांनी पोती परत पाठवली, ऐन संक्रांतीच्या तोंडावर.

"माझ्या भट्टीत तुराट्या आणि भाताचा कोंडा जातो," अप्पा तेव्हा म्हणाले होते. "रंगाची एक ढलपीसुद्धा नाही. खायचं भाजतो आपण त्यावर. तू लहानपणापासून बघतेस."

"अप्पा, यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो," एवढंच अप्पा म्हणाले होते, आणि उठून गेले होते.

*

"वर ये जरा," सुनंदाताई तिला म्हणाल्या. "आज ओवीचं बोरन्हाण आहे. आलीच आहेस तर हळदीकुंकू घेऊन जा."

नाही म्हणायचं तेजलच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सुनंदाताईंचा चेहरा पाहून ती निमूट जिना चढली. ओवी ही सुनंदाताईंची चार वर्षांची नात. जन्मल्यापासून तिचं अर्धं आयुष्य वाफ घ्यायच्या यंत्राला तोंड लावून गेलेलं. आज ती हलव्याचे दागिने घालून पाटावर ऐटीत बसली होती आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या आळीतली पोरं लुटत होती.

"चुरमुरे बाहेरगावाहून आणले," सुनंदाताई म्हणाल्या. "पन्नास पावलांवर भट्टी आणि चुरमुरे बाहेरगावचे. पण पोरगी दोन-तीन आठवडे बरी आहे हो. एकदाही वाफ द्यावी लागली नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, ते लागू पडलेलं दिसतंय."

मग त्यांनी आवाज उतरवला. "ती मांजर पाहिल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. खरं सांग, नाव चुकलंय का?"

"माहीत नाही, ताई."

"चुकलं असेल तर मला आज सांग. कारण उद्या ते चुकलं असं निघालं तर हे लोक तुझं यंत्रच मोडीत काढतील. मग पुन्हा टँकर, पुन्हा मास्क. सहा वर्षं मी एका नावासाठी उभी आहे, तेजल. माझ्यात आणखी सहा वर्षं उभं राहायचं बळ नाही."

त्यांनी करंडा पुढे केला, तेजलच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बोटावरचं कोरडं कुंकू भुरभुरून तिच्या बाहीवर सांडलं. तेजलने सवयीने ते झटकायला हात उचलला.

"राहू दे ग. हळदीकुंकवाचं झटकू नये."

तेजलचा हात तसाच राहिला. हेच वाक्य तिने आधी ऐकलं होतं. भोसलेमामांच्या तोंडून, गाडीत, खंडेनवमीच्या दिवशी.

सुनंदाताई तिळगुळाची वाटी घेऊन वळल्या तोवर ती निम्मा जिना उतरली होती.

*

खंडेनवमीला सगळ्या रांजणपुरात यंत्रांची पूजा होते. लोहाराचा भाता, शिंप्याचं मशीन, बँकेतला संगणक, कुणी सुटत नाही. पारखी तेव्हा आठ दिवसांपूर्वी आली होती. भोसलेमामांनी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ताट तेजलपुढे केलं. "तुमच्या हातचं यंत्र आहे मॅडम, बोटं तुम्हीच लावा." नमुने हुंगवायला पारखीच्या पोटाशी एक छोटं गोल तोंड होतं. तेजलने त्या तोंडाभोवती हौसेने पाच बोटं हळदीची आणि पाच कुंकवाची लावली. बाकी सगळे नमुने आधीच्या आठवड्यात झाले होते, शेवटचा तेवढा भट्टीचा राहिला होता. त्याची पिशवी भरलेली तयार होती, आणि चांगल्या दिवशी काम पुरं व्हावं म्हणून तिने ती तासाभरात त्याच तोंडाला लावली. मामांनी तोंड पुसू दिलं नव्हतं.

ती पिशवी अप्पांच्या भट्टीची होती. त्रेसष्टांमधून ती त्यांचीच का निवडली, तर त्यांची सर्वांत स्वच्छ, म्हणून. तिला अभिमान होता. नमुन्याच्या अर्जावर मात्र तिने नुसतं 'भट्टी आळी' लिहिलं होतं, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून.

आता गाडीत वाकून तिने ते तोंड पाहिलं. वाळलेली लाल-पिवळी बोटं तशीच होती. कडेची काही आतल्या बाजूला ओढल्यासारखी पुसट झाली होती. स्वस्तातल्या कुंकवाला लाली यावी म्हणून कधी कधी शेंदूर मिसळतात, आणि शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी. तिने नखाने चिमूटभर खरवडलं, कुपीत घातलं आणि धूळ तपासायच्या खाचेत सरकवलं. दोन मिनिटांत पडद्यावर शिशाची रेघ सरळ छताला जाऊन टेकली.

म्हणजे अप्पांच्या भट्टीत शिसं नव्हतं. ते तिच्या बोटांवर होतं. पारखी बिचारी शिकवलं तेवढंच शिकली होती: जळकं पोटॅशियम आणि शिसं एकत्र दिसलं की त्याला भट्टी म्हणायचं. आणि तशी धूळ ह्या शहरात खरंच कुठूनतरी भरभरून येत होती.

ते कुठून हेही तिला आता दिसायला लागलं. तिने पिवळ्या रेघेखाली वाऱ्याची दिशा मांडली. ईशान्येचा वारा सुटला की रेघ चढायची, पडला की उतरायची. ईशान्येला भट्टी एकही नव्हती. तिकडे होता महापालिकेचा कचऱ्यातून वीज करणारा प्रकल्प, ज्याचं चित्र शहरातल्या प्रत्येक बसवर होतं. कचरा जळला की पोटॅशियम, शिसं, क्लोरीन सगळं एकदम निघतं. ह्या प्रकल्पाचा नमुना तिने घेतला नव्हता. तो प्रकल्पानेच पाठवला होता, आणि आता तिची खात्री होत चालली की त्या दिवशी त्यांनी आत कोरडे पुठ्ठे जाळले असणार.

तिला रडू फुटलं. दोन महिने ज्या माणसाने तिला हाक मारली नाही, तो पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

*

उपायुक्त क्षीरसागर चार वाजता गाडीत आले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"हे किती जणांना माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग ते तिथेच राहू द्या. नीट विचार करा. नमुना खोटा निघाला तर कायद्याने पारखीचा एकूण एक निकाल रद्द होतो. ज्या यंत्रासाठी लोकांनी जीव काढला ते तुम्ही बोटभर कुंकवाने बुडवलंत, असं लोक म्हणतील. म्हणतील की नाही?"

"म्हणतील."

"आणि नमुना कुणाच्या भट्टीचा, हे तुम्ही लपवलंत. बडतर्फी ठरलेली आहे. त्यावर तुम्ही उठून आमच्या प्रकल्पाकडे बोट दाखवणार, स्वतःच्या वडिलांना सोडवण्यासाठी. तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल?" त्यांचा आवाज उलट मऊ झाला. "वडिलांना पर्यायी जागा देऊ. विजेची भट्टी देऊ. उद्या तेवढा आकडा वाचा आणि खाली बसा."

साहेब वाईट माणूस नव्हते. तेजलला नोकरी त्यांनीच लावली होती. त्यांचं प्रत्येक म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते झटकून टाकता येत नव्हतं.

*

सुनावणी भट्टी आळीतल्याच, अप्पांच्या भट्टीला लागून असलेल्या महापालिकेच्या शाळेच्या पटांगणात होती. मांडव, खुर्च्या, शहराचे आकडे दाखवायला एक भला मोठा पडदा, आणि कडेला पारखीची गाडी. लोक कंपाउंडच्या भिंतीवरही चढून बसले होते. पहिल्या रांगेत सुनंदाताई, मांडीवर ओवी. अप्पा सगळ्यांत मागे, भट्टीवाल्यांच्या घोळक्यात उभे.

क्षीरसागरांनी नियम वाचले आणि माइक तेजलकडे दिला. तिने कागद हातात धरला, पण तो वाचला नाही.

"भट्टीचा नमुना चुकलेला आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

मग तिने कुंकवाची सगळी हकीकत सांगितली, काही न वगळता. पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.

"कुणाच्या भट्टीचा नमुना होता?" सुनंदाताईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"माझ्या वडिलांच्या."

मग मात्र मांडव पेटला. "बापाला वाचवतेय," भिंतीवरून आवाज आला. एक खुर्ची उडाली. "सगळे सामील आहेत, यंत्रपण त्यांचंच," कुणी म्हणालं, आणि तेजलला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच, कारण म्हणणाऱ्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. क्षीरसागर तत्परतेने उठले. निकाल रद्द, समिती नेमण्यात येईल, सुनावणी तहकूब, असं त्यांनी जवळजवळ एका दमात सांगितलं.

"बसा हो," सुनंदाताई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या, ओवी कडेवर. रागाने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो राग आधी तेजलवरच होता. "काल विचारलं होतं मी हिला. तेव्हा म्हणाली माहीत नाही. पण काल मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या भट्टीत मांजर व्यालेली पाहिली आहे, आणि तरी हिचं यंत्र धूर दाखवत होतं. म्हणजे चूक आहे हे खरं. मग समिती कशाला? भट्टी इथे आहे, यंत्र इथे आहे. आमच्या देखत नवा नमुना घ्या."

"असं नियमात नाही."

"नियमात काय काय आहे ते सहा वर्षं हुंगतोय आम्ही."

पटांगणातून जो आवाज उठला त्यापुढे क्षीरसागरांनी निरीक्षकाला किल्ली देण्याची खूण केली.

अप्पा पुढे झाले. सील काढलं. त्यांनी चुरमुऱ्याची एक रिकामी टोपली घेतली, आत धोतराचा तुकडा अंथरला आणि एकेक पिल्लू उचलून तिच्यात ठेवलं. मांजर तक्रार करत त्यांच्या पायांत घोटाळत बाहेर आली. मग त्यांनी तुराट्या आणि कोंड्याचं पोतं सगळ्यांपुढे ओतलं. "बघून घ्या," ते म्हणाले. सुनंदाताईंनी त्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर उचलून वास घेतला आणि मान हलवली. जाळ धरला. तेजलने धुराची पिशवी भरली. भोसलेमामांनी पारखीच्या तोंडाला आधी हात जोडले, मग स्पिरिटच्या बोळ्याने ते लख्ख पुसलं.

पारखी प्रत्येक कणाची वजनं साठवून ठेवते, त्यामुळे जुने सगळे कण नव्या नमुन्याशी ताडून पाहता येतात. त्याला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ पटांगणात फक्त खोकण्याचे आवाज होते.

मोठ्या पडद्यावर शहराचं पान उमटलं. भट्ट्या: तीन. अनोळखी: एकेचाळीस.

"हे अनोळखी काय?" सुनंदाताईंनी विचारलं.

"शिसं, पोटॅशियम, क्लोरीन. ईशान्येचा वारा असला की येतं," तेजल म्हणाली. "नाव मी सांगू शकत नाही. तिथला खरा नमुना मी अजून घेतलेला नाही."

ईशान्येला काय आहे हे रांजणपुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. भट्टीवाल्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "पिशवी आहे ना अजून? मग चला." खुर्च्या सरकल्या. क्षीरसागर फोनवर भराभर बोलत होते. भोसलेमामांनी गाडी सुरू केली. गर्दी फाटकाकडे वळली, दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला जायला एक दिशा मिळाली होती.

तेजलच्या हातातल्या पाटीवर, म्हणजे पारखीशी जोडलेल्या छोट्या पडद्यावर, आता बारा डब्यांचे वेगवेगळे आकडे येत होते. ते फक्त तिलाच दिसत होते. भट्ट्या एक, दोन, तीन, दोन. मग सातवा डबा. तो सुनंदाताईंच्या गच्चीवर होता. आजवर त्याच्यात निम्म्याहून जास्त धूळ 'अनोळखी' निघायची आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

टाळं ठोकायच्या आधीचे तीन महिने: भट्टी, बावन्न.

टाळं ठोकल्यानंतरचे एकोणीस दिवस: भट्टी, एक.

औषध लागू पडलं नव्हतं. गच्चीसमोरची भट्टी विझली होती.

तेजलने मान वर केली. फाटकाशी सुनंदाताई ओवीला खाली उतरवत होत्या. भट्टीपुढे अप्पा उभे होते, पाठीमागे जाळ, हातात पिल्लांची टोपली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ते सरळ तिच्याकडे बघत होते. पाटी बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. नोकरी तर गेलीच होती, आता निदान बाप तरी परत मिळत होता.

"सुनंदाताई, थांबा," ती म्हणाली. माइक अजून चालू होता. "एक आकडा राहिलाय. तुमच्या गच्चीचा."

तिने दोन्ही ओळी वाचल्या. पहिली वाचताना तिचा आवाज कापला, म्हणून ती पुन्हा वाचली.

गर्दी जिथल्या तिथे थबकली. सुनंदाताईंनी ओवीकडे पाहिलं, मग भट्टीकडे. भट्टीवाल्यांमधला एकजण तेजलच्या दिशेने थुंकला.

अप्पा सावकाश पटांगण ओलांडून आले. टोपली अजून हातातच होती. तिच्यासमोर येऊन थांबले.

"शिसं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अप्पा. एक कणसुद्धा नाही."

"रंगाचं लाकूड?"

"नाही. तुराट्या आणि कोंडा. तुम्ही म्हणालात तसंच."

त्यांनी मान हलवली. माइक तिच्याकडून मागून घेतला, पण तो तोंडाजवळ कसा धरायचा हे न कळून परत तिच्या हातात दिला आणि नुसतेच बोलले. शेजारच्यांना ऐकू गेलं तेवढं पुरलं.

"विजेची भट्टी जमेल तेव्हा जमेल. ह्या चिमुरडीच्या घरासमोर मी आता जाळ करणार नाही." मग ते सुनंदाताईंकडे वळले. "चाळीस वर्षं तुमच्या खिडकीखाली भाजतोय. मला कळलं नाही, ताई."

सुनंदाताईंचा चेहरा अजून पांढराच होता. त्यांनी मान नुसती खाली घातली, माफ केलं म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. ओवीला त्यांनी शेजारणीकडे सोपवलं, पदर खोचला आणि गर्दीला म्हणाल्या, "चला. त्या मोठ्या भट्टीचा नमुना राहिलाय."

लोक निघाले. त्यांच्या पुढे पारखीची गाडी होती आणि तेजलच्या खांद्यावर रिकामी पिशवी. फाटकापाशी तिने मागे वळून पाहिलं. अप्पा बादलीने भट्टीवर पाणी मारत होते आणि पांढऱ्या वाफेत मांजर टोपलीभोवती ओरडत फिरत होती.

"ओरडू नको ग," अप्पा तिला समजावत होते. "निवेल संध्याकाळपर्यंत. मग तुझी जागा तुला."

आणि मग, मान वर न करता, तेवढ्याच आवाजात: "तेजू, नाकाला रुमाल बांधून जा. तिकडे धूर असतो."